घरी सॉना बांधायचाय? खर्च, लाकूड आणि साहित्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-नाशिककडे बंगल्याचं काम काढलं की हल्ली 'एक छोटा सॉनापण बसवू' अशी मागणी येते. काहींनी जिममध्ये अनुभव घेतलेला असतो. काही जण नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये हेलसिंकी-एस्पोला राहून आलेले असतात, आणि तिथल्या इमारतीत आठवड्यातून एकदा मिळणारी सॉनाची वेळ त्यांना विसरता येत नाही. पुढची उत्तरं विजेच्या हीटरवर चालणाऱ्या, फिनलंडच्या पद्धतीच्या घरगुती सॉनासाठी आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच खोली धरली आहे: आतून ६ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ७ फूट उंच. दोघं आरामात बसतील, तिघं सावरून बसतील.

सॉना आणि स्टीम बाथ एकच ना?

नाही, आणि दोन्हींचं साहित्य अगदी वेगळं आहे. स्टीम बाथमध्ये तापमान ४०–४५ अंश आणि हवा वाफेने गच्च भरलेली, म्हणून भिंतींना टाइल्स, छताला उतार आणि बाहेर स्टीम जनरेटर. सॉनामध्ये डोक्याच्या उंचीला ८० ते १०० अंश, हवा कोरडी, भिंती लाकडाच्या. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की थोडा वेळ वाफ अंगावर येते आणि विरते. टाइल्सच्या बाथरूममध्ये सॉनाचा हीटर बसवून चालत नाही, आणि लाकडाच्या सॉनात स्टीम जनरेटर सोडला तर लाकूड फुगून वाकडं होतं.

एकूण खर्च किती येतो?

आमच्या ६×५×७ च्या खोलीला, मजुरी आणि वायरिंग धरून, साधारण अडीच ते साडेचार लाख रुपये धरून चाला. हा फरक मुख्यतः तीन गोष्टींमुळे पडतो: लाकूड कुठलं, हीटर कुठला आणि काच किती.

कोटेशन हातात आलं की एकरकमी आकड्यावर जाऊ नका, मापं स्वतः काढा. चार भिंतींची लांबी २२ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १५४ चौरस फूट. दाराचे १३ वजा केले की १४१ उरले, त्यात छताचे ३० मिळवले की १७१. पट्ट्या कापताना तुकडे वाया जातात, म्हणून १५ टक्के वाढवून २०० चौरस फूट लाकूड मागवा. समजा भाव २०० रुपये चौरस फूट असेल तर ४० हजार, ४०० असेल तर ८० हजार, आणि उंची सीडर ७०० ने पडत असेल तर १ लाख ४० हजार. कंत्राटदाराने २०० च्या जागी ३०० चौरस फूट लावले असतील तर ते इथेच दिसेल.

बाकाचा हिशेब रनिंग फुटात करा. वरचा बाक २ फूट खोल, खालचा सव्वा फूट. पट्टी ९० मिलिमीटर रुंद आणि मध्ये १० मिलिमीटरची फट धरली तर वर सहा, खाली चार अशा दहा पट्ट्या, प्रत्येकी ६ फुटी. म्हणजे ६० रनिंग फूट, अधिक खालची चौकट. हे लाकूड भिंतीच्या लाकडापेक्षा महाग असतं, पण लागतं अगदी थोडं.

ढोबळमानाने लाकूड आणि बाक मिळून एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा खातात. हीटर, त्याचा कंट्रोल आणि दगड मिळून साधारण पाव हिस्सा. उरलेल्यात काचेचं दार, वायरिंग, सुताराची मजुरी, फरशी. रॉकवूल (ऊब अडवायला भिंतीत भरतात ती दगडी लोकर) आणि ॲल्युमिनियम फॉइल मिळून दहा टक्क्यांच्या आतच राहतात. गंमत नाही, गंभीरपणे सांगतो: सगळ्यात जास्त काटछाट या दहा टक्क्यांतच होते, कारण काम झाल्यावर ते कुणाला दिसत नाहीत. आणि बिघडलेले सॉना उघडून पाहिले की दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

पैसे वाचवायचे असतील तर कुठे वाचवावेत?

आकारात, काचेत आणि दिखाव्यात. रंग बदलणारे दिवे, स्पीकर, बाहेरून लावलेलं महागडं पॅनेलिंग यांच्याशी घाम येण्याचा संबंध नाही. बाहेरची बाजू साध्या प्लायवूडची किंवा नुसत्या प्लास्टरची ठेवली तरी आतला सॉना तितकाच चांगला राहतो. बाकाच्या खालच्या, नजरेआडच्या भिंतीला जरा गाठी असलेल्या स्वस्त पट्ट्या चालतात.

बाकाचं लाकूड, इन्सुलेशन, फॉइल, केबल आणि हीटर या पाच ठिकाणी मात्र हात आखडू नका. भिंतीच्या पट्ट्या पाच वर्षांनी बदलता येतात. फॉइल बदलायची तर अख्खी खोली सोलावी लागते.

खोली केवढी असावी? आमचं छत साडेनऊ फुटांवर आहे.

स्लॅब साडेनऊ फुटांवर असला तरी सॉनाचं छत त्याखाली वेगळं उतरवून घ्यावं लागतं. गरम हवा वर जाऊन बसते. डोक्यावर चार फूट मोकळे राहिले तर ती सगळी ऊब पंख्याच्या हुकाला मिळेल, तुम्हाला नाही.

वरच्या बाकापासून छत साधारण ११० सेंटिमीटर, म्हणजे ४३ इंचांवर असावं. ७ फुटी खोलीत वरचा बाक ४१–४२ इंचांवर येतो. हे चालतं, पण पाय थंड राहतात. फिनलंडमध्ये पाय दगडांच्या वरच्या पातळीपेक्षा उंच असावेत असा आग्रह धरतात, आणि तो योग्य आहे. म्हणून मी शक्य तिथे साडेसात फूट उंची सुचवतो. बाक सहा इंच वर जातात आणि खाली एक जास्तीची पायरी बसते. वाढतात फक्त ११ चौरस फूट पट्ट्या आणि १५ घनफूट हवा. याच्याइतका सत्कारणी लागणारा खर्च सॉनात दुसरा नाही.

हीटर किती किलोवॉटचा घ्यावा?

साधा नियम: १ घनमीटर हवेला १ किलोवॉट. आपली खोली २१० घनफूट. ३५.३ ने भागलं की जवळजवळ ६ घनमीटर, म्हणजे ६ किलोवॉट.

आता काच. काच, विटेची उघडी भिंत, टाइल्स असा इन्सुलेशन नसलेला प्रत्येक चौरस मीटर म्हणजे १.२ घनमीटर जास्तीची खोली, असं उत्पादक धरतात. एकट्या दाराची काच साधारण १.२ चौरस मीटर, म्हणजे हिशेबात दीड घनमीटर वाढले आणि साडेसात झाले. ६ किलोवॉटचे हीटर बहुधा ५ ते ८ घनमीटरसाठी असतात, त्यामुळे निभावतं. पण फोटोत पाहून ५ फुटी दर्शनी भिंत पूर्ण काचेची करायची ठरवलीत तर ३.२५ चौरस मीटर काच झाली, खोली कागदावर १० घनमीटरची झाली आणि हीटर ९–१० किलोवॉटचा लागला. एवढ्यासाठी थ्री फेज पाहिजे. काचेचे पैसे, मोठ्या हीटरचे पैसे, नव्या जोडणीचे पैसे आणि वर दर वेळी जास्त युनिट. काचेची भिंत सुंदर दिसते यात वाद नाही. फक्त तिची खरी किंमत काचवाल्याच्या बिलावर लिहिलेली नसते.

घरच्या कनेक्शनवर चालेल का?

६ किलोवॉटचा हीटर सिंगल फेजवर २६ अँपिअर ओढतो. त्यासाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ३२ अँपिअरचा एमसीबी, अंतर कमी असेल तर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि जास्त असेल तर १० ची, आणि नीट अर्थिंग हवं. गिझरच्या पॉइंटवरून लाइन ओढण्याचा विचारही करू नका. ९ किलोवॉटचा थ्री फेज हीटर प्रत्येक फेजवर १३ अँपिअर घेतो.

आधी बिलावरचा मंजूर भार पाहा. बऱ्याच घरांचा तो ३ ते ५ किलोवॉटच असतो. महावितरणकडे, किंवा मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांपैकी जी कंपनी असेल तिच्याकडे, भार वाढवून घ्यायला अर्ज करावा लागतो. खोलीचं काम सुरू होण्याआधी तो टाका.

केबलबद्दल एक गोष्ट वायरमनला बजावून सांगा. हीटरला जोडणारा शेवटचा तुकडा नेहमीच्या पीव्हीसी वायरचा नको. उष्णतेने पीव्हीसी कडक होऊन तडकतं. उत्पादकाने सांगितलेली रबरी किंवा सिलिकॉन आवरणाची, उष्णता सोसणारी केबलच लावायची. आतल्या दिव्यांची वायरही छतावरून न नेता बाकाखालून न्या, तिथे हवा तुलनेने थंड असते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. इन्व्हर्टरवर सॉना चालत नाही, लाइट गेली की तो थांबतो.

महिन्याचं बिल किती वाढेल?

खोली तापायला ४० मिनिटं, म्हणजे ४ युनिट. पुढचा तासभर हीटर थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत राहतो, त्याचे ३ युनिट. एका वेळेला ७ युनिट धरा. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला साधारण ६० युनिट. ३०० युनिटांच्या वर गेल्यावर दर चढतो, तेव्हा हिशेब तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने करा. युनिटमागे १५ रुपये धरले तर ९०० रुपये. छतावर सोलर असेल तर १ किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, त्यामुळे नेट मीटरिंगमध्ये हा भार सहज पचतो.

लाकूड कोणतं घ्यावं?

भिंत आणि बाक यांचा विचार वेगवेगळा करा. भिंतीला पाठ क्वचित टेकते, बाकावर मात्र उघडी कातडी तापलेल्या लाकडावर टेकते. बाकाला वजनाला हलकं, गाठी नसलेलं, राळ न सोडणारं लाकूड लागतं. हलक्या लाकडात हवा जास्त असते, ते उष्णता कमी साठवतं आणि हळू सोडतं, म्हणून ९० अंशांतही त्यावर बसवतं.

बाकासाठी ॲस्पेन, अल्डर आणि आफ्रिकेतलं अबाची ही नेहमीची लाकडं. अबाची सगळ्यात हलकं, घनमीटरला साधारण ३८० किलो, रंग फिकट, वास जवळजवळ नाही. ॲस्पेन पांढुरकं आणि अंगाला मऊ लागतं, पण घामाचे डाग लवकर धरतं.

भिंतीसाठी स्प्रूस सगळ्यात परवडणारं. त्याच्यात गाठी असतात, पण त्या घट्ट बसलेल्या आणि छोट्या असतील तर चालतात. हेमलॉकला गाठी कमी आणि वास नाही, त्यामुळे तयार केबिनमध्ये तेच जास्त दिसतं. वेस्टर्न रेड सीडर हलकं, टिकाऊ आणि सुवासिक. तो वास काहींना वेड लावतो, काहींचं डोकं दुखवतो, म्हणून नमुना घरी आणून गरम करून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. शिवाय सीडरच्या भुशामुळे कापणाऱ्यांना दम्याचा त्रास होतो हे सिद्ध झालेलं आहे. सुताराला चांगला मास्क द्या आणि कापणी मोकळ्यावर करायला सांगा.

आपल्या पावसाळ्याचा विचार केला तर मला थर्मोवूड सगळ्यात पटतं. ॲस्पेन, स्प्रूस किंवा पाइन १९० ते २१२ अंशांना वाफेत भाजून तयार करतात. रंग कॉफीसारखा होतो, राळ निघून जाते आणि दमट हवेत फुगण्याचं प्रमाण बरंच घटतं. मात्र ते ठिसूळ होतं, स्क्रूच्या आधी भोक पाडलं नाही तर चिरतं.

सगळं लाकूड भट्टीत वाळवलेलं घ्या आणि बसवायच्या आधी आठवडाभर त्याच खोलीत, मध्ये काड्या ठेवून, हवा खेळती राहील असं रचून ठेवा. पट्ट्या १२ ते १५ मिलिमीटर जाडीच्या, टंग-ग्रूव्हच्या, म्हणजे एकीची कड दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या. जुलैमध्ये ट्रकमधून उतरवून दुसऱ्या दिवशी ठोकलेल्या पट्ट्यांत डिसेंबरला फटी पडणारच.

घरात चांगलं जुनं सागवान पडून आहे. ते वापरलं तर?

हा प्रश्न प्रत्येक जुन्या वाड्याच्या मालकाकडून येतो, आणि त्यामागची भावना मला कळते. सागवान वाळवीला दाद देत नाही, वाकत नाही, पिढ्यान् पिढ्या टिकतं. तरी बाकाला ते नको. घनमीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे अबाचीच्या पावणेदोनपट जड. तेवढंच जास्त तापतं आणि मांडीला चटका देतं. त्यातलं तेलही उष्णतेने वर येतं, त्याचा वास बंद खोलीत तीव्र होतो आणि पांढऱ्या टॉवेलला डाग पडतात. जुन्या सागवानावर वॉर्निश, कडवं तेल, वाळवीचं औषध काय काय बसलंय याचाही भरवसा नसतो.

सागवानाचा मान दाराच्या बाहेरच्या चौकटीला द्या, कपडे बदलण्याच्या खोलीतल्या बाकाला द्या, टॉवेलच्या खुंट्यांना द्या. तिथे ते शोभतंही आणि टिकतंही.

मग आपल्याकडचं कुठलंच लाकूड चालत नाही का? शिवण, देवदार, चीड?

कोकणातलं शिवण हलकं असतं आणि वाळल्यावर फारसं वाकत नाही, म्हणून विचार करण्याजोगं आहे. देवदाराचं तेल उग्र असतं. चिडाला राळ भरपूर आणि गाठी मोठ्या. तापल्यावर गाठीतून राळेचे थेंब फुटतात, आणि छताला चीड असेल तर ते थेंब खांद्यावर पडतात.

कुठल्याही लाकडाची परीक्षा घरच्या ओटीजीत होते. वखारीतून हातभर तुकडा आणा, तोही गाठ असलेला. त्याचे दोन भाग करा. एक बाजूला ठेवा, दुसरा ९० अंशांवर चार तास ओव्हनमध्ये ठेवा. नंतर चार गोष्टी पाहा. गाठीवर बोट फिरवल्यावर चिकट लागतं का? ओव्हन उघडल्यावर येणारा वास वीस मिनिटं बंद खोलीत सहन होईल का? सरळ पट्टीवर ठेवल्यावर तुकडा डुलतो का? आणि बाहेर काढल्याबरोबर मनगटाची आतली बाजू हलकेच लावून पाहा, धरवते का? न भाजलेल्या तुकड्याशी रंगाची तुलना करा, दोन वर्षांनंतरचा सॉना कसा दिसेल ते कळेल. ओव्हन चालू असताना जवळच थांबा. एवढ्यातून जे शिवण किंवा जे काही पास होईल ते भिंतीला बेलाशक लावा.

प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेट, पीव्हीसी पॅनेल?

आतून अजिबात नाही. गोंद आणि प्लास्टिक तापून जे सोडतात ते तुम्ही श्वासातून घेता. याच कारणासाठी आतल्या लाकडाला वॉर्निश, पीयू, पॉलिश, वाळवीचं औषध काहीही नको. बाकाला सॉनासाठी मिळणारं पॅराफिन तेल चालतं, भिंत कोरीच बरी.

भिंतीच्या आत इन्सुलेशन म्हणून काय भरावं?

रॉकवूल. भिंतीत ५० ते ७५ मिलिमीटर, छतात १००. सॉनाची एखादी बाजू घराची बाहेरची भिंत असेल तर आधी तिची ओल बंद करा, मग विटेपासून बोटभर अंतर सोडून चौकट उभी करा. ओल्या विटेला टेकलेलं रॉकवूल भिजतं, आणि भिजलेलं रॉकवूल काही कामाचं नाही.

थर्माकोल वापरू नका. स्वस्त आहे, कापायला सोपं आहे, पण साधारण ८० अंशांच्या पुढे नरम पडू लागतं आणि आगीत धोकादायक. फॉइल लावलेले पीआयआर (कडक फोमचे) बोर्ड चांगले असतात, फक्त किती तापमानापर्यंत चालतात ते कंपनीच्या कागदावर पाहून घ्या.

ॲल्युमिनियम फॉइल खरंच लागते?

सॉनामधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. दगडांवर पाणी टाकल्यावर वाफ लाकडाच्या फटींतून मागे शिरते. मागे फॉइल नसेल तर ती रॉकवूलमध्ये, चौकटीत आणि शेवटी तुमच्या बेडरूमच्या भिंतीवर पोचते. दोन पावसाळ्यांत बुरशी, मग चौकट कुजते. स्वयंपाकघरातली पातळ फॉइल नको, कागदावर चिकटवलेली जाड इन्सुलेशन फॉइल हवी.

क्रम असा: चौकट, तिच्यात रॉकवूल, त्याच्यावर खोलीच्या बाजूने फॉइल, फॉइलवर उभ्या-आडव्या पट्ट्या ठोकून १० ते २० मिलिमीटर हवेची जागा, आणि मग लाकूड. ही हवेची जागा सोडायला सुतार कंटाळतात. लाकूड थेट फॉइलवर ठोकलं तर मागची बाजू वाळत नाही आणि फॉइल उष्णता परत फेकू शकत नाही.

फॉइल लावून झाली आणि लाकूड लागायचंय, तो दिवस तुम्ही स्वतः साइटवर राहा. टॉर्च घेऊन आत जा, दार ओढून घ्या. प्रत्येक जोड १० सेंटिमीटर एकावर एक आलाय का आणि त्यावर ॲल्युमिनियम टेप आहे का, हे बोटाने दाबत पाहा. ब्राउन पॅकिंग टेप दिसली तर काढायला लावा, पहिल्याच महिन्यात ती सुटते. छत आणि भिंत मिळतात ते चार कोपरे नीट बघा, तिथे फॉइल ताणून फाटलेली असते. शेवटी दिव्याची आणि हीटरची वायर जिथून आत येते ती भोकं पाहा. वायरमन नेहमी सगळ्यांच्या नंतर येतो आणि चाकूने मोठं भोक पाडून जातो. त्याच्याभोवती टेपची कॉलर करून घ्या. सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा, पुढे खिळा कुठे मारायचा नाही ते कळतं.

हवा खेळती ठेवायला भोकं पाडली तर ऊब जाणार नाही का?

थोडी जाईल, आणि जाऊ द्या. तासाला सहा वेळा हवा बदलली पाहिजे. ताजी हवा हीटरच्या वरून किंवा जवळून आत घ्या, समोरच्या भिंतीत बाकाखालून बाहेर सोडा. भोकं बुजवलेल्या सॉनात डोकं जड होतं आणि लोक म्हणतात, 'आम्हाला सॉना मानवत नाही.'

दार आणि फरशी?

दार बाहेर उघडणारं, कडी-कुलूप नसलेलं, नुसत्या रोलरवर बंद होणारं. आतून चक्कर आलेल्या माणसाने अंग टेकलं तरी उघडलं पाहिजे. काच ८ मिलिमीटर टफन्ड, मूठ दोन्हीकडून लाकडी. फरशी न घसरणारी टाइल किंवा शहाबादी, पॉलिश ग्रॅनाइट नको. स्क्रू सगळे स्टेनलेस, आणि बाकाला खालून मारलेले.

सह्याद्रीत एवढा काळा पाषाण आहे, तोच हीटरमध्ये घातला तर?

विचार चांगला आहे, पण निवड डोळसपणे करावी लागते. सॉनात ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइट हे खडक वापरतात, जड आणि घट्ट. आपला बेसॉल्टही त्याच कुळातला, पण दख्खनच्या पठारावरच्या बऱ्याच बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि त्यात पांढरे-हिरवट झिओलाइट भरलेले असतात. संग्रहालयांत नाशिक-जळगावकडचे जे देखणे स्फटिक दिसतात, ते हेच. झिओलाइटच्या स्फटिकात पाणी असतं, तापल्यावर ते बाहेर पडतं आणि दगड तडकू शकतो. नदीतला गोटा तर नकोच, त्याच्या आतल्या बारीक भेगांत पाणी अडकलेलं असतं.

हीटर वॉरंटीत असेतो कंपनीने सांगितलेलेच दगड वापरा. विजेच्या हीटरला ५ ते १० सेंटिमीटरचे लागतात. ते सैल रचायचे, दाबून कोंबायचे नाहीत, नाहीतर कॉइल जास्त तापून जळते. वर्षातून एकदा सगळे काढा, चुरा झालेले फेकून द्या आणि बाकीचे पुन्हा रचा.

वाळवी आणि भुंगा लागेल का?

तळमजल्यावर वाळवीची भीती खरी आहे. औषध जमिनीत आणि पायथ्याला, सॉना बांधण्याआधी मारून घ्या. पट्ट्या फरशीपासून इंचभर वर थांबवा. फिकट लाकडाला भुंगा लागू शकतो, पण लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना अर्धा तास तापलं की त्यातल्या अळ्या मरतात, निर्यातीच्या लाकडी खोक्यांना जगभर हाच नियम आहे. म्हणजे वापरातल्या सॉनाचा वरचा भाग स्वतःच सुरक्षित राहतो. खाली फरशीजवळ हवा तेवढी तापत नाही, म्हणून तिथे लक्ष ठेवा. पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास तापवा आणि नंतर दार उघडं ठेवा.

फ्लॅटमध्ये किंवा गच्चीवर करता येईल?

फ्लॅटमध्ये मास्टर बाथरूमला लागून कोपरा मिळाला तर उत्तम. सोसायटीला लेखी कळवा, विजेच्या भारासाठी तसंही लागतं. गच्चीवर बंद केबिन म्हणजे बांधकामच धरलं जाऊ शकतं. महापालिकेकडून आधी खातरजमा करा. ऊन-पाऊस झेलायला तिथे बाहेरून पत्रा आणि वेगळं छप्पर लागतं, तो खर्च मोजलेला नसतो.

तयार केबिन घ्यावी की इन्फ्रारेड?

तयार केबिन दोन दिवसांत उभी राहते आणि घर बदललं तर उचलून नेता येते. घेताना पॅनेलची जाडी आणि आत काय भरलंय ते विचारा. इन्फ्रारेड केबिन स्वस्त पडते, नेहमीच्या पॉवर प्लगवर चालते, पण ती ४५ ते ६० अंशांचीच, दगड नाहीत, पाणी नाही. तिचा उपयोग असेल, मात्र सॉना म्हणून ती घेतलीत तर निराश व्हाल.

आमचं मुळशीकडे शेतघर आहे. लाकडावर चालणारा सॉना?

तिथे तोच करा. विजेचा प्रश्नच मिटतो, आणि त्याची ऊब जास्त मऊ असते असं माझं मत आहे. पैसे वाचवू नका ते धुराड्यावर: छतातून जाणारा भाग दुहेरी भिंतीचा, इन्सुलेशन असलेलाच हवा, आणि लाकडापासून कंपनीने दिलेलं अंतर इंचभरही कमी नको. बाभळीचं वाळलेलं सरपण छान जळतं.

तब्येतीला खरंच चांगलं का? कुणी टाळावं?

पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत, जे आठवड्यातून जास्त वेळा सॉना घेत त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते लोक लहानपणापासून सॉनात बसणारे होते, आणि पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका. दारू पिऊन कुणीही बसू नये. सुरुवातीला खालच्या बाकावर, दहा मिनिटं पुरे.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू केला तर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडतो. हीटर गेला का?

बहुतेक वेळा नाही. बरेच दिवस बंद राहिलेल्या हीटरच्या कॉइलमधली इन्सुलेशनची पूड हवेतली ओल शोषते, त्यामुळे थोडी गळती होते आणि आरसीसीबी पडतो. काही वेळा तापवल्यावर ही ओल निघून जाते. पण म्हणून आरसीसीबी बायपास करून स्वतः हीटर चालू करू नका. वायरमनला बोलावून कॉइलचं मेगर टेस्टिंग (इन्सुलेशनची तपासणी) करून घ्या आणि सुकवायचं काम त्याच्या देखरेखीखाली होऊ द्या. नीट तापवून झाल्यावरही आरसीसीबी पडत राहिला तर कॉइल बदलायला झाली आहे. तिन्ही कॉइल सुट्या मिळतात, अख्खा हीटर बदलायची गरज नसते.